द्राक्षाच्या मण्यात काय शोधायचं हे कोण ठरवतं? नाशिकच्या निर्यातीची २००३ आणि २०१० ही दोन वर्षं

छोट्या उद्योगांनी पर्यावरणपूरक पद्धती का स्वीकारल्या, या विषयावरचे शोधनिबंध वाचायला घेतले की पहिल्या काही पानांतच एक ओळखीची यादी भेटते. कायद्याचा धाक, ग्राहकाचा दबाव, मालकाची जाणीव, खर्चातली बचत. अडथळ्यांच्या रकान्यात भांडवलाची टंचाई आणि माहितीचा अभाव. मग प्रश्नावली निघते, 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी उत्तरं गोळा होतात आणि कुठला घटक किती प्रभावी याचं कोष्टक तयार होतं. यादी चुकीची नाही. पण तिच्यात काळ नसतो. कोणती गोष्ट आधी झाली, कोणती नंतर, आणि मधल्या वर्षांत कोण काय शिकलं, हे कोष्टकात मावत नाही.

म्हणून आज एकच उदाहरण जरा सावकाश बघू. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदारांनी कीडनाशकांचा वापर कसा बदलला, याचा इतिहास. लेख संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे मध्ये मध्ये थोडं रसायनशास्त्र येईल. घाबरू नका, लागेल तेवढंच सांगणार आहे.

आधी एका आक्षेपाचं उत्तर. द्राक्षबाग म्हणजे 'छोटा उद्योग' का? सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या सरकारी व्याख्येत शेती बसत नाही, हे खरं. पण दिंडोरी किंवा निफाड तालुक्यातली दोन-तीन एकरांची बाग घ्या. लोखंडी अँगल आणि तारांचा मांडव, ठिबक, पीककर्ज, विरळणीला बाहेरून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या, फवारणीचं शेड्यूल लिहून देणारा कन्सल्टंट, माल उचलणारा निर्यातदार. गुंतवणूक आधी, पैसे वर्षाअखेरीला, आणि मधे एक पाऊस सगळं उलटं करू शकतो. सातबाऱ्यावर ती शेती असेल, पण हिशेबाच्या वहीत तो धंदाच आहे. आणि छोट्या धंद्याचे सगळे गुण-दोष त्याला लागू होतात.

नाशिकजवळच्या ओझरला १९२५ च्या सुमारास रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षाची लागवड सुरू केली, असं सांगितलं जातं. पुढच्या दशकांत भोकरी, अनाबेशाही अशा जाती आल्या आणि मागे पडल्या. मग थॉमसन सीडलेस आली, आणि तिच्यातून निवडलेली तास-ए-गणेश, सोनाका वगैरे. हा भाग मोठा आहे, पण आपल्या कामाचा मुद्दा त्यातला एकच: द्राक्षवेल मूळची इथली नाही. थंड प्रदेशात ती हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे तिला झोप मिळत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, म्हणजे वर्षातून दोनदा कात्री लावून तिला जागं ठेवायचं. फळछाटणीनंतर कोवळी फूट निघते तेव्हा परतीचा पाऊस अजून पुरता गेलेला नसतो. त्या ओल्या आठवड्यांत डाऊनी, म्हणजे केवडा, एका रात्रीत घड घालवू शकतो. थंडीत भुरी येते. मग फुलकिडे, पिठ्या ढेकूण. बागायतदार औषधं मारतो ती हौसेनं नाही.

हे दुखणं फक्त आपलंही नाही. डाऊनीची बुरशी १८७८ च्या आसपास अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचली आणि तिथल्या बागा जायला लागल्या. बोर्दो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी हात लावू नये म्हणून मोरचूद आणि चुन्याचं निळसर पाणी मारायची पद्धत होती. त्या वेली तगल्या, बाकीच्या गेल्या, हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं हेरलं आणि १८८५ मध्ये त्याचं सूत्र प्रसिद्ध केलं. नाशिकच्या कुठल्याही बागेत आजही मिळणारं 'बोर्डो' ते हेच. या मोरचुदाकडे आपण नंतर परत येऊ.

निर्यातीची संघटित सुरुवात म्हणून १९९१ हे वर्ष धरायला हरकत नाही. त्या वर्षी 'महाग्रेप्स' उभी राहिली. द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन केलेली ही भागीदारी होती आणि तिला राज्याचं कृषी पणन मंडळ, राष्ट्रीय सहकार विकास निगम आणि अपेडा यांचा टेकू होता. कल्पना साधी: दोन एकरांच्या मालकाला युरोपातला खरेदीदार शोधता येत नाही, प्रीकूलिंगचं यंत्र परवडत नाही, इंग्रजी कागदपत्रं झेपत नाहीत. संस्थेचं पॅकहाऊस आणि शीतगृह सामायिक, विक्री महाग्रेप्स करणार. त्या काळात गुणवत्ता म्हणजे मण्याचा आकार, रंग, गोडी आणि टिकाऊपणा. मण्याच्या आत आणखी काय आहे, हा प्रश्न बागेच्या बांधावर फारसा कोणी विचारत नव्हतं.

२००३ मध्ये तो विचारला गेला. त्या वर्षीच्या हंगामात नेदरलँड्समध्ये झालेल्या तपासणीत भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि युरोपीय देशांमध्ये त्याची सूचना फिरली. नेदरलँड्स हे आपल्या द्राक्षांचं युरोपातलं मुख्य दार. रॉटरडॅमला उतरलेला माल तिथून इतर देशांत जातो. दारातच अडलं की सगळीकडे अडलं.

इथे 'मर्यादा' म्हणजे किती, ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कमाल उर्वरित अंश मर्यादा, ज्याला बागायतदारसुद्धा सर्रास एमआरएल म्हणतात, ती एक किलो फळात अमुक इतके मिलिग्रॅम अशी मोजतात. समजा एखाद्या रसायनाची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम आहे. द्राक्षाचा एक कंटेनर साधारण १३ टनांचा धरा. १३ हजार किलोंना ०.०५ नं गुणलं की येतात ६५० मिलिग्रॅम. तापावर आपण जी ६५० ची गोळी घेतो, तिच्यातल्या औषधाइतकं रसायन संपूर्ण कंटेनरभर पसरलेलं असेल, तर तो मर्यादेच्या काठावर आहे. ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात सरसकट ०.०१ लागते, म्हणजे याच्याही पाचवा हिस्सा. हे डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. बागायतदाराच्या अनुभवातलं कुठलंच ज्ञान इथे उपयोगी पडत नाही. फक्त यंत्र सांगतं.

म्हणून २००३ नंतर जे घडलं ते मला 'जाणीवजागृती' या शब्दात बसवावंसं वाटत नाही. जे उभं राहिलं ती मोजण्याची व्यवस्था होती. अपेडानं २००३-०४ पासून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी उर्वरित अंश नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. पुण्याजवळ मांजरीला १९९७ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यात संदर्भ प्रयोगशाळा झालं. तपासणीच्या कामाला मान्यताप्राप्त खासगी आणि सरकारी प्रयोगशाळा जोडल्या गेल्या. २००६ मध्ये 'ग्रेपनेट' ही संगणकीय प्रणाली आली आणि तिनं हे सगळं एका धाग्यात ओवलं.

ग्रेपनेटचं काम कसं चालतं ते नीट बघा, कारण गंमत तपशिलात आहे. बागायतदार आपला प्लॉट कृषी विभागाकडे नोंदवतो. प्लॉटला क्रमांक मिळतो. लक्षात घ्या, क्रमांक शेतकऱ्याला नाही, प्लॉटला. एकाच माणसाचे दोन प्लॉट असतील तर दोन क्रमांक. काढणीच्या आधी प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना नेतो, बागायतदारानं स्वतः घड तोडून पाठवायचे नाहीत. निकाल प्रणालीत चढतो. पास झाला तरच त्या प्लॉटचा माल पॅकहाऊसला युरोपसाठी भरता येतो, आणि पेटीवरच्या खुणेवरून परदेशातल्या दुकानापासून दिंडोरीच्या गटापर्यंत माग काढता येतो. नापास झाला तर अंतर्गत इशारा निघतो आणि तो प्लॉट थांबतो. काही दिवसांनी पुन्हा नमुना देता येतो.

आता हाच प्रकार अर्थशास्त्राच्या चष्म्यातून बघा. २००३ पूर्वी एखाद्यानं काढणीच्या तोंडावर जहाल औषध मारलं, तर त्याचा फटका 'भारतीय द्राक्ष' या सगळ्यांच्या नावाला बसायचा. स्वतःचं फारसं बिघडायचं नाही. सामायिक विहिरीत घाण टाकण्यासारखं. क्रमांक आल्यावर घाण कोणी टाकली ते कळायला लागलं, आणि तिची किंमत त्याच प्लॉटवर पडायला लागली. माझ्या मते नाशिकमधला बदल मुख्यतः या एका गोष्टीनं झाला. प्रशिक्षणं, मेळावे, पत्रकं यांचा उपयोग झालाच, पण क्रमांक मिळाल्यानंतर. ज्याच्या मालाची तपासणी होणार आहे तो माणूस व्याख्यान वेगळ्या कानानं ऐकतो.

प्रत्यक्ष बागेत काय बदललं? पहिली गोष्ट, वही. कोणत्या तारखेला, कोणतं औषध, किती प्रमाणात, कशासाठी मारलं याची नोंद ठेवावी लागली. युरोपातल्या किरकोळ विक्रेत्यांनी १९९७ मध्ये 'युरेपगॅप' नावाची मानकं आणली होती, २००७ मध्ये तिचं नाव 'ग्लोबलगॅप' झालं. तिच्यात नोंदींवर भर होता, आणि गटानं मिळून प्रमाणपत्र घ्यायची सोय होती. दोन एकरवाल्यासाठी ही सोय निर्णायक ठरते, एकट्यानं प्रमाणपत्राचा खर्च करणं त्याला झेपत नाही.

दुसरी गोष्ट, उलटी मोजणी. औषध मारल्यापासून काढणीपर्यंत किती दिवस जायला हवेत, हा प्रतीक्षा कालावधी. 'याचा पीएचआय किती?' हा प्रश्न कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर विचारला जाऊ लागला. हे वाक्य साधं वाटतं, पण त्यामागे फवारणीच्या विचाराची दिशाच उलटते. आधी रोग दिसला की औषध, असा हिशेब होता. आता काढणीची तारीख धरून मागे मोजत यायचं आणि त्या दिवसांत काय बसतं ते बघायचं. शेवटच्या टप्प्यात बसणारं फार कमी असतं. म्हणून तिथे गंधक, ट्रायकोडर्मा किंवा बॅसिलससारखी जैविक साधनं आणि वेलीत हवा खेळती ठेवणं, पानांची विरळणी, अशा जुन्या गोष्टींना भाव आला. जैविक शेतीच्या प्रेमापोटी नाही, उरलेल्या दिवसांत दुसरं काही बसत नव्हतं म्हणून.

तिसरी गोष्ट, यादी. कार्यक्रमाच्या कागदपत्रांना परिशिष्टं असतात. त्यातल्या पाचव्या परिशिष्टात द्राक्षावर कोणती औषधं चालतात आणि कोणाचा प्रतीक्षा कालावधी किती, हे दिलेलं असतं. बागायतदारांच्या बोलण्यात ते 'अनेक्शर फाइव्ह' म्हणून रुळलं. सरकारी परिपत्रकाचं परिशिष्ट लोकांच्या तोंडी बसणं ही आपल्याकडे रोज घडणारी गोष्ट नाही.

तुलनेसाठी केनियाकडे बघता येईल. तिथल्या निर्यातीच्या फरसबीवरही युरेपगॅप लागू झालं, आणि बऱ्याच निर्यात कंपन्यांनी छोट्या शेतकऱ्यांकडून खरेदी कमी करून स्वतःच्या किंवा मोठ्या शेतांकडे मोर्चा वळवला. त्यावरून विकास-अभ्यासात एक मोठा वाद सुरू झाला: कडक मानकं गरिबांना बाहेर ढकलतात का? देवेश रॉय आणि अमित थोरात यांचा महाग्रेप्सवरचा निबंध २००८ मध्ये 'वर्ल्ड डेव्हलपमेंट'मध्ये आला तो याच वादात. त्यांना दिसलं की महाग्रेप्सच्या सभासदांचं उत्पन्न इतरांपेक्षा चांगलं होतं आणि छोटे बागायतदार बाहेर फेकले गेले नव्हते. कारण मधे सहकारी संस्था होती. निबंध जरूर वाचा, पद्धतीसाठीसुद्धा. पण तारीख लक्षात ठेवून वाचा. तो २०१० च्या आधीचा आहे.

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आलं. कोकण किनाऱ्यावर त्यानं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. नाशिकमध्ये त्या अवकाळी पावसानं फुलोऱ्यातल्या आणि कोवळ्या घडांच्या बागा झोडपल्या. डाऊनी पसरला. त्यातूनही जे वाचलं, ते २०१० च्या सुरुवातीला तपासून, पास होऊन, युरोपला रवाना झालं. आणि तिथे अडलं. या वेळी सापडलं ते मेथोमिल नव्हतं. ते होतं क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या भाषेत सीसीसी.

सीसीसी हे कीड मारणारं औषध नव्हेच. ते वाढ रोखणारं संजीवक आहे. खरड छाटणीनंतर काडी नुसती वर पळू नये, तिच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचे घड बनावेत, म्हणून ते देतात. दुकानात राजरोस मिळणारं, वर्षानुवर्षं वापरातलं. बागायतदाराच्या दृष्टीनं ते एप्रिल-मे-जूनचं काम, फळाशी त्याचा काय संबंध? पण ते वेलीत टिकून राहतं, आणि आठ-दहा महिन्यांनी काढलेल्या मण्यांत त्याचे अंश मिळाले. युरोपातली मर्यादा होती ०.०५. म्हणजे मघाची ती ६५० ची गोळी.

आपल्याकडे ते का सापडलं नाही? सरळ उत्तर असं की ते तपासायच्या रसायनांच्या यादीत नव्हतं. पण मी मूळची रसायनशास्त्राची असल्यामुळे मला यादीमागचं दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रयोगशाळेत एकेका औषधासाठी वेगळी तपासणी करत बसणं शक्य नसतं. म्हणून 'बहु-अंश' पद्धती वापरतात: द्राक्षाचा लगदा एका द्रावकात घुसळायचा, कीडनाशकं त्या द्रावकात उतरतात, मग ते द्रावण एलसी-एमएस सारख्या यंत्रात घातलं की शेकडो रसायनं एका फेरीत दिसतात. जगभर गाजलेली 'क्वेचर्स' पद्धत २००३ मध्येच प्रसिद्ध झाली. मांजरीच्या केंद्रातल्या कौशिक बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी इथिल अॅसिटेट वापरून द्राक्षासाठी अशीच पद्धत बसवली आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केली. उत्तम काम आहे ते. पण इथिल अॅसिटेटमध्ये उतरायला रसायन थोडंतरी तेलकट स्वभावाचं लागतं. क्लोरमेक्वाट हे मिठासारखं, कायम विद्युतभार असलेलं आयन आहे. ते पाण्यात बसून राहतं, द्रावकात येतच नाही. त्याच्यासाठी मिथेनॉलसारखं द्रावक आणि वेगळी फेरी लागते. म्हणजे यादीत नाव घालून भागत नाही, शोधण्याची रीतच वेगळी ठेवावी लागते. बहु-अंश पद्धतीचं यंत्र कितीही महाग असलं, तरी लगद्यातून जे बाहेर निघालंच नाही ते त्याला कसं दिसणार?

ज्यांनी वही ठेवली, पीएचआय मोजला, अनेक्शर पाळलं, त्यांचाही माल अडकला. हंगामाचे पैसे आलेच नाहीत असे कितीतरी लोक होते. मोहाडीचे विलास शिंदे तेव्हा शेतकऱ्यांचा गट करून निर्यात करत होते, त्यांनाही मोठा फटका बसला. त्यांच्या 'सह्याद्री फार्म्स'चा शेतकरी उत्पादक कंपनी म्हणून विस्तार झाला तो यानंतरच्या वर्षांत. पुढच्या हंगामापासून सीसीसी तपासणीत आलं आणि वापर आवरला गेला. निर्यात सावरली, वाढली. आज देशातून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांत नाशिकचा वाटा सगळ्यात मोठा आहे.

आता संशोधकाचा प्रश्न. २००९ मध्ये कोणी प्रश्नावली घेऊन गेलं असतं आणि 'तुम्ही शाश्वत पद्धती स्वीकारल्या आहेत का?' असं विचारलं असतं, तर नोंदणीकृत बागायतदारानं प्रामाणिकपणे 'हो' म्हटलं असतं. वही दाखवली असती. उत्तर खोटं नव्हतं. फक्त त्या 'हो'चा अर्थ होता: जे तपासलं जातं ते मी सांभाळतो. त्याहून जास्त काही त्या शब्दात वाचायचं असेल तर वेगळा पुरावा लागतो. तो मिळवायचा तर जे तपासलं जात नाही तिकडे जावं लागेल. अशा तीन जागा मला दिसतात.

पहिली, मोरचूद. तांबं हे मूलद्रव्य आहे, ते विघटित होत नाही. मण्यावरचं धुतलं जाईल, जमिनीत पडलेलं तिथेच साठतं. युरोपात जैविक शेतीलाही बोर्डो चालतं, तरी २०१८ च्या नियमानं तांब्याला सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची कमाल मर्यादा घातली आहे. फळातला अंश मोजणारी व्यवस्था जमिनीतल्या साठ्याबद्दल गप्प असते. पन्नास वर्षं बोर्डो खाल्लेल्या पिंपळगाव-ओझर पट्ट्यातल्या जमिनी हा मृदाविज्ञानातल्या कोणासाठी तरी चांगला विषय आहे.

दुसरी, फवारणारा माणूस. २०१७ मध्ये यवतमाळला कापसावर फवारणी करताना विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा राज्य हादरलं. ग्लोबलगॅपमध्ये कामगारांच्या सुरक्षेची कलमं आहेत हे मान्य. पण युरोपचं दार उघडतं ते मण्याच्या निकालावर. ब्लोअरच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या रक्ताचा नमुना कोणी प्रणालीत चढवत नाही.

तिसरी जागा सगळ्यात जवळची आणि सगळ्यात कमी अभ्यासलेली: आपलं ताट. युरोपसाठी नापास झालेला प्लॉट युरोपसाठी नापास असतो, इतकंच. फळ तर पिकलेलं असतं आणि कर्ज डोक्यावर असतं. ज्या बाजारात दारावर यंत्र नाही, तो बाजार मोकळा असतो. देशातही अंशांच्या मर्यादा आहेत, अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे. पण विक्रीच्या आधी प्लॉटनिहाय तपासणी, ही अट देशांतर्गत मालाला नाही. 'एक्स्पोर्टचा माल' आणि 'लोकलचा माल' असे दोन शब्द जिल्ह्यात रोज वापरले जातात आणि बहुतेक वेळा ते आकार-रंगाबद्दलच असतात. ते रसायनांबद्दलही असतात का, आणि किती, हे मोजल्याशिवाय बोलू नये. उलटही शक्य आहे: एकदा वहीची, पीएचआयची सवय लागली की तोच माणूस लोकलच्या प्लॉटवरही तसंच वागत असेल. सवयी अशा वाहून जातात. दुकानदार तेच, कन्सल्टंट तेच, औषधंही तीच.

ही शंका सोडवण्यासाठीची मांडणी कठीण नाही. एकाच बागायतदाराचे दोन प्लॉट घ्यायचे, एक नोंदणी केलेला आणि एक न केलेला. माणूस तोच, पाऊस तोच, माती बहुधा तीच. फरक फक्त क्रमांकाचा. दोन्हीकडचे नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीनं, आणि ध्रुवीय रसायनांसाठीची वेगळी फेरी न विसरता. असे पन्नास-साठ जोड मिळाले तरी 'स्वीकार' या शब्दात नेमकं काय भरलंय ते कळायला लागेल. अडचण येईल ती परवानगीची: लोकलचा नमुना द्यायला कोणी का तयार व्हावं, हा प्रश्न नैतिक समितीपुढे जाण्याआधीच सोडवावा लागेल. निकाल गोपनीय ठेवायची लेखी हमी आणि बागायतदाराला त्याच्या प्लॉटचा अहवाल फुकट, एवढं तरी हवंच.

ज्यांना इतिहासाच्या अंगानं जायचं आहे त्यांनी सुरुवात अपेडाच्या दरवर्षीच्या कार्यक्रम-पत्रकांपासून करावी. सलग वर्षांची पत्रकं शेजारी ठेवा आणि परिशिष्टांत कोणतं रसायन कधी आलं, कधी गेलं, हे नुसतं टिपत जा. मग त्याच वर्षांचे 'द्राक्षवृत्त'चे अंक घ्या. द्राक्ष बागायतदार संघाचं हे मासिक जुन्या सभासदांच्या घरी गठ्ठ्यांनी मिळतं. २००५ नंतरचा 'अॅग्रोवन'ही चाळा. लेख वाचाच, पण कीडनाशकांच्या जाहिरातीही सोडू नका. 'रोगाचा नायनाट' या शब्दांशेजारी 'पीएचआय' आणि 'रेसिड्यू' हे शब्द कोणत्या वर्षी छापले जायला लागतात ते बघायचं. मी ही तारीखवार नोंद करायला घेतली आहे, आणि आत्तापर्यंत एवढं दिसतंय की जाहिरातदार परिपत्रकाच्या फार मागे नसतो.